त्रेसष्ट सालचा थर

मातीत किरणोत्सार किती आहे हे मोजणं, हे शर्वरीचं काम होतं. ऐकणारे दचकायचे, पण काम फार संथ होतं, जवळजवळ गुंगी आणणारं. वाळवून चाळलेली माती प्लास्टिकच्या डबीत भरायची, डबी शिशाच्या जाड पेटीत ठेवायची, वरचं झाकण सरकवायचं आणि वाट बघायची. पेटीच्या आत जर्मेनियमचा एक स्फटिक होता, द्रव नायट्रोजननं सतत गार ठेवलेला. मातीतला एखादा अणू फुटून त्याचा किरण त्या स्फटिकापर्यंत पोचला, की संगणकाच्या पडद्यावर एक ठिपका वाढायचा. साध्या मातीत हे इतकं क्वचित घडतं, की एकेका डबीला जवळजवळ एक अख्खा दिवस द्यावा लागे. शिसं एवढ्यासाठी, की बाहेरच्या भिंतींतले, आकाशातून येणारे, खुद्द शर्वरीच्या हाडांतले किरण आत शिरून मोजणी बिघडवू नयेत.

शर्वरी मिरजेची. इंदूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला ती दोन वर्षांपूर्वी आली, आणि शहराच्या आसपासच्या चाळीस जागांची माती तपासायचं काम तिच्याकडे आलं. ती राजेंद्र नगरमध्ये वसुंधराबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होती. वसुंधराबाई अडुसष्ट वर्षांच्या. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली होती, लग्न केलं नव्हतं. त्यांचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते. चार पिढ्या माळव्यात काढल्यावर घरातल्या मराठीत हिंदी अशी मिसळून गेली होती, की कुठली भाषा कुठे संपते ते त्यांनाही कळत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी शर्वरीला सांगितलं होतं, "बेटा, गॅस बंद करून खाली ये, पोहे ठंडे होऊन राहिलेत." शर्वरीला ते वाक्य इतकं आवडलं, की तिनं ते फोनवर आईला म्हणून दाखवलं.

शर्वरीला चौदाव्या जागेसाठी अशी जमीन हवी होती जिला निदान साठ-सत्तर वर्षांत कोणी हात लावलेला नाही. नांगरलेली नाही, खणलेली नाही, वर भराव घातलेला नाही. शहर चारी बाजूंनी पसरत चाललेलं, अशी जमीन सापडेना. एका संध्याकाळी ती हे वसुंधराबाईंना सांगत होती, तेव्हा त्या म्हणाल्या की शहराबाहेर राऊ गावाच्या बाजूला आमची जुनी बाग आहे. बाग म्हणजे आता नुसतं गवत. दोन एकरांना भिंत घातलेली आहे, आणि दादांनी ती कधी विकली नाही, तिच्यावर काही बांधलंही नाही. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ विजयराव. ते कृष्णपुऱ्याजवळ राहत. गुडघ्यांमुळे बागेकडे जाणं त्यांनी सोडलं होतं, आणि गवत कापून घेण्यापुरती किल्ली वसुंधराबाईंकडे होती. दादांना विचारावं असं काही त्यांना वाटलं नाही. माती तर न्यायची होती, तीही पाइपभर.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिघं बागेत गेले. तिसरे होते अर्पित भिया. पोलोग्राउंडला त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं आणि माती काढायचा पोलादी पाइप त्यांनीच बनवला होता: उभा दोन भागांत उघडणारा, खाली धार लावलेला. आपण बनवलेली वस्तू चालते कशी ते बघायला ते स्वतः येत आणि घणही स्वतःच मारत. दव अजून सुकलं नव्हतं. वसुंधराबाई कडुनिंबाखाली चटई टाकून बसल्या. पाइप खाली जाऊ लागला तेव्हा आधी खरखर आवाज आला, मग हळूहळू तो मऊ झाला, आणि शेवटी घणाचा घाव पडला तरी जमीन नुसती सुस्कारल्यासारखी वाटे.

पाइप बाहेर काढून उघडला तेव्हा शर्वरीच्या लक्षात आलं की जागा फुकट गेली. वरचे सत्तावन्न सेंटिमीटर मुरूम आणि विटांचे तुकडे होते. म्हणजे भराव. पण त्याखाली जे होतं ते तिनं या कामात अजून पाहिलं नव्हतं. निळसर काळा, लोण्यासारखा चिखल, आणि त्यात केसाइतक्या बारीक रेघा, एकावर एक, कितीतरी. मध्येमध्ये तांदळाच्या दाण्याएवढे शंख.

अर्पित भियांनी चिखल बोटांत धरून चोळला. "मॅडम, ये खेत की मिट्टी नहीं है," ते म्हणाले. "ये तो तालाब की है."

वसुंधराबाई उठून आल्या. त्यांनी एक शंख नखानं सोडवून तळहातावर घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी शर्वरीला विचारलं की इथे खरंच पाणी होतं का. शर्वरी म्हणाली, साठलेलं पाणी असल्याशिवाय अशा रेघा पडत नाहीत. परत येताना गाडीत त्यांनी मूठ मिटून ठेवली होती.

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी सांगितलं. त्यांना लहानपणापासून एक आठवण होती. हिरवं पाणी, वर आंब्याच्या फांद्या, पाण्यावर हलणारं ऊन. आपण पाण्यावर उताण्या, आणि पाठीखाली कोणाचे तरी दोन हात. एक बाईचा आवाज म्हणतो, डोकं मागे टाक, कान पाण्यात जाऊ दे. कान पाण्यात गेले की आवाज दूर जातो, जगच दूर जातं. बाईचा चेहरा कधी दिसत नाही. दिसतो तो फक्त एक कान, ओले केस आणि गळ्याची एक शीर.

"ती आईसाहेब होत्या असं मला वाटायचं," वसुंधराबाई म्हणाल्या. "पण आईसाहेब तर मी दोन वर्षांची असताना गेल्या. अठ्ठावन साली, माहेरी, बुखारनं. दोन वर्षांच्या पोरीला काय आठवणार? आणि बागेत तळं नव्हतंच, नुसती विहीर होती, असं सगळे म्हणायचे; आम्हा पोरांना तिकडे नेतच नसत. क्या है ना, घरात माझं नावच पडलं होतं, सपन्यातली वसू. मग मी पण सांगणं सोडून दिलं."

त्यांना वाढवलं शांताकाकींनी. काकींनीही हेच सांगितलं होतं: ताप आला असताना तुला असं काहीतरी दिसलं असेल. पुढे वसुंधराबाईंनी ते पाणी रंगवून बघितलं. शाळेत मुलींना जलरंग शिकवताना हिरव्यात निळा किती मिसळायचा हे त्या त्या पाण्यावरूनच सांगत. पण ते कुठलं पाणी, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

शर्वरी ऐकत राहिली. मग तिनं विचार करून सांगितलं की तळं होतं हे आजच दिसलं, पण ते कधी होतं हे चिखलालाच विचारता येईल. शंभर वर्षांपूर्वीचं असेल तर तुमच्या आठवणीशी त्याचा संबंध नाही. तुमच्या लहानपणी पाणी असेल, तर निदान आठवणीतली जागा खरी. बाई कोण होती हे मात्र कुठलंही यंत्र सांगणार नाही. वसुंधराबाई म्हणाल्या, जागा तर जागा.

चिखलाच्या तिनं तीन-तीन सेंटिमीटरच्या सतरा चकत्या कापल्या. त्या भट्टीत वाळवल्या, कुटल्या, चाळल्या आणि डब्यांत भरून झाकणं हवाबंद केली. त्यानंतर एक महिना थांबायचं होतं. मातीतलं रेडियम एक वायू सोडत असतं. तो आत कोंडला जाऊन सगळं समतोलात आल्याशिवाय काही आकडे भरवशाचे मिळत नाहीत. शर्वरीनं हे सांगितल्यावर वसुंधराबाईंनी लगेच मान डोलावली. लोणचंही असंच ठेवावं लागतं, त्या म्हणाल्या.

मार्च गेला. राजेंद्र नगरच्या गल्ल्यांत पांगाऱ्याची फुलं पडून सुकली. वसुंधराबाई एरवीसारख्याच असत, पण मधूनच बोलता बोलता थांबत आणि समोरच्या भिंतीकडे अशा बघत, जणू तिथून कोणी हाक मारली आहे. एकदा शर्वरी सकाळी खाली आली, तेव्हा त्या अंगणात डोळे मिटून उभ्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात कमरेपासून थोडे दूर, अधांतरी होते. शर्वरी पुन्हा पायऱ्या चढून वर गेली.

एप्रिलमध्ये मोजणी सुरू झाली. रोज एक डबी. संध्याकाळी घरी आल्यावर शर्वरी काय निघालं ते सांगायची. सर्वांत वरच्या, म्हणजे भरावाला लागून असलेल्या चकतीत ती जे शोधत होती ते थोडं होतं. दुसरीत त्याहून जास्त. तिसरी डबी लावली त्या दिवशी वसुंधराबाई म्हणाल्या, मी बघायला येते.

प्रयोगशाळा तळमजल्यावर होती, थंड आणि अर्धवट अंधारी. बाहेर दुपारचं ऊन पेटलेलं, आत नुसती पंख्याची घरघर. शर्वरीनं त्यांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक रेघ होती आणि तिच्यावर सुळके. दर काही क्षणांनी कुठेतरी एक ठिपका वाढे आणि सुळका कणभर उंच होई. शर्वरीनं एकेक दाखवलं. हा उजवीकडचा पोटॅशियमचा, केळ्यात असतो, आपल्या रक्तात असतो. हे युरेनियम आणि थोरियमच्या घराण्यातले, पृथ्वी झाली तेव्हापासूनचे.

"आणि हा मधला?" वसुंधराबाईंनी विचारलं. बाकीच्यांहून तो बुटका होता, पण एकटा उभा होता.

"तो सीझियम. तो निसर्गात नव्हता, काकू. माणूस अणुबॉम्ब फोडायला लागल्यावर तो जगात आला. पंचावन्न-साठनंतर उघड्या आकाशात मोठमोठे बॉम्ब फोडले, त्याची धूळ फार उंच गेली आणि सगळ्या पृथ्वीवर पावसाबरोबर उतरली. सगळ्यात जास्त उतरली ती त्रेसष्टच्या आसपास. मग करार झाला, चाचण्या जमिनीखाली गेल्या आणि धूळ कमी होत गेली. म्हणून तळ्याच्या चिखलात ज्या थरात सीझियम सर्वांत जास्त, तो थर त्रेसष्ट सालचा."

"म्हणजे आमच्यावर पण पडलं ते?"

"सगळ्यांवर पडलं. अगदी थोडं. त्यातलंही तीन चतुर्थांश आता विझून गेलंय."

वसुंधराबाई त्या बुटक्या सुळक्याकडे बघत बसल्या. पुढचे दोन तास त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. मध्येच त्यांचा डोळा लागे, मध्येच उघडे, आणि प्रत्येक वेळी सुळका थोडा उंच झालेला असे. नंतर त्यांनी शर्वरीला सांगितलं की त्या वेळी त्यांना स्वच्छ दिसत होतं: पाऊस नसलेल्या दिवशीही आकाशातून काहीतरी बारीक, न दिसणारं झिरपतंय, आंब्याच्या पानांवर थांबतंय, पानांवरून पाण्यात, आणि पाण्यातून खाली, हळूहळू, आपल्या पाठीखालच्या त्या दोन हातांच्याही खाली, तळाशी. ते तळाशी टेकेपर्यंत त्यांना जाग यावी असं वाटत नव्हतं.

सतरा डब्या संपायला मे उजाडला. सीझियम तिसऱ्या चकतीत सर्वांत जास्त भरलं. तिथून खाली ते कमी होत गेलं आणि सातव्या चकतीनंतर संपलं; त्याखाली बॉम्बच्या आधीची वर्षं होती. शिशाच्या एका किरणोत्सारी प्रकारावरूनही शर्वरीनं हिशोब ताडून पाहिला, दोन्ही जुळले. तळं १९३० च्या सुमारास खणलं गेलं असावं. पुढे तीस-चाळीस वर्षं त्यात शांतपणे गाळ साठला. १९६८ च्या आगेमागे, एकाएकी, कोणीतरी ते मुरूम टाकून बुजवलं. सालांत दोन-चार वर्षांचा फरक असू शकतो, असं शर्वरीनं दोनदा सांगितलं. पण बासष्ट-त्रेसष्टला तिथे पाणी होतं, यात तिला शंका नव्हती.

वसुंधराबाई त्या वेळी सहा-सात वर्षांच्या होत्या.

त्यांनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, इतवारी दादांकडे जाऊ. तू पण चल. मी सांगितलं तर ते म्हणतील, वसूला पुन्हा सपना पडला.

विजयराव कृष्णपुऱ्याला होळकरांच्या समाधी-छत्र्यांजवळ एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. वय सत्त्याहत्तर, बांधा उंच, बोलणं मोजकं. बँकेतून निवृत्त झाले होते, पत्नी वारली होती. बहीणभावांत भांडण नव्हतं, पण जवळीकही नव्हती. दिवाळीला आणि राखीला भेटत, तब्येतीची विचारपूस करत आणि वेळेवर उठत. त्या सकाळी त्यांनी दोघींना गच्चीलगतच्या खोलीत बसवलं. खाली नदीच्या कडेला छत्र्यांच्या कळसांवर पारवे बसले होते. शर्वरीनं कागद उलगडला आणि सगळं समजावून सांगितलं, मुरमापासून सीझियमपर्यंत. बाग हा शब्द ऐकल्यावर ते किंचित सरळ बसले.

तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी चष्मा लावला.

"त्रेसष्ट सालचा थर कुठला?"

शर्वरीनं दाखवला. त्यांनी तिथे बोट टेकवलं आणि ते उचललं नाही.

"आईसाहेब अठ्ठावनमधे गेल्या नव्हत्या, वसू," ते म्हणाले. "त्या त्रेसष्टच्या मार्गशीर्षात गेल्या. बागेतल्या घरात. तू सात वर्षांची होतीस."

शर्वरीला वाटलं आपण उठून बाहेर जावं. पण वसुंधराबाईंनी तिचं मनगट धरलं होतं.

मग ते सांगत गेले. आईसाहेबांना क्षय झाला होता. घरात दोन आत्या लग्नाच्या होत्या, आणि क्षयाच्या घरातली मुलगी त्या वेळी कोणी केली नसती. वडिलांनी, आबासाहेबांनी, बायकोला माहेरी पाठवलं असं सांगितलं आणि रातोरात बागेत ठेवलं. पुढे महिन्याभरात ती तिकडेच तापानं गेली अशी बातमी उठवली. घरानं सुतक पाळलं. विजयराव तेव्हा अकरा वर्षांचे होते. ते तेराव्याला जेवले. ती जिवंत आहे हे त्यांना तीन वर्षांनी कळलं, तेही माळी रोज डबा कोणाला नेतो ते बघायला सायकलवरून त्याच्या मागे गेले म्हणून. त्यांनी बघितलं, तर तळ्याच्या काठावर आईसाहेब केस वाळवत बसल्या होत्या.

त्यानंतर ते चोरून जाऊ लागले. बासष्टच्या उन्हाळ्यात त्यांनी वसूला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं. कोणाकडे जातोय ते सांगितलं नाही. एकूण सात वेळा नेलं. आईसाहेब मुलीला जवळ येऊ देत नसत. तळ्याच्या पलीकडच्या काठावर बसायच्या आणि तिथून बघायच्या. एक दिवस वसू घसरून पाण्यात पडली. विजयराव धावायच्या आत आईसाहेबांनी उडी घेतली आणि मुलीला वर उचलून धरलं.

"बाहेर आल्यावर घाबरून रडायला लागल्या, की मी हिला शिवले," विजयराव म्हणाले. "मग आपणच म्हणाल्या, मधे पाणी होतं. पाण्यातून रोग जात नसेल. त्या दिवसापासून त्या तुला फक्त पाण्यात धरायच्या. काठावर आल्या की पुन्हा दूर. आणि धरायच्या तेव्हा तोंड फिरवून, तुझ्यावर श्वास पडू नये म्हणून."

खाली कोणीतरी ज्वारीचे दाणे टाकले असावेत, पारवे एकदम कळसांवरून उतरले.

आईसाहेब गेल्यावर माळ्यानं आबासाहेबांना सगळं सांगितलं. आबासाहेबांनी विजयरावांना देवघरासमोर उभं केलं आणि शब्द घेतला, की हे तुझ्याबरोबर संपेल. धाकट्या आत्याचं लग्न अडुसष्टला झालं. त्याच उन्हाळ्यात आबासाहेबांनी बागेतलं घर पाडलं आणि विटा-मुरूम तळ्यात लोटून ते बुजवलं. आंबे तोडले.

"आबासाहेब जाऊन चाळीस वर्षं झाली," वसुंधराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "शांताकाकींना माहीत होतं?"

"होतं."

"मी सांगायची तेव्हा सगळे हसायचे. तुम्ही पण हसले होते, दादा. माझ्या समोर बसून."

"हो."

"का?"

विजयरावांनी कागदावरचं बोट काढून घेतलं. "आधी शब्द दिला होता म्हणून. नंतर, तू हेच विचारशील म्हणून."

वसुंधराबाई उठल्या. त्यांनी कागद तिथेच ठेवला, शर्वरीच्या खांद्याचा आधार घेतला आणि जिना उतरल्या. राजेंद्र नगरला फाटकाशी रिक्षातून उतरल्यावर त्या कडीला हात लावून थांबल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "तोंड फिरवून. म्हणून चेहरा नाही."

पुढचे पंधरा दिवस त्या भावावर रागावलेल्या होत्या, आणि तो राग शर्वरीनं पाहिलेल्या इतर रागांसारखा नव्हता. त्या स्वयंपाक करत, झाडांना पाणी घालत, कोणाशी वाकडं बोलत नसत. फक्त विजयरावांचा फोन आला, की तो वाजू देत. शर्वरीला एकदा वाटलं, ही माती आपण काढलीच नसती तर बरं होतं. ती तसं बोलूनही गेली. वसुंधराबाईंनी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं, "पागल आहेस का? मला आई मिळाली, पाच वर्षं ज्यादा मिळाली."

सोळाव्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांनी स्वतः दादांना फोन लावला. नमस्कार नाही, चौकशी नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला: आईसाहेब कुठल्या रंगाचं लुगडं नेसायच्या? उत्तर ऐकलं आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजता: त्या गायच्या का? तिसऱ्या दिवशी: डब्यातलं काय परत पाठवायच्या? असं रोज चालू झालं. रोज एक प्रश्न, एक उत्तर, आणि फोन बंद. विजयराव चारच्या आधीच फोनजवळ येऊन बसतात, असं त्यांच्या स्वयंपाकाच्या बाईनं सांगितलं. कधी त्यांना आठवत नसे. मग ते म्हणत, उद्या सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगत. गायच्या नाहीत, पण शीळ वाजवायच्या. वांगं परत पाठवायच्या. डाव्या हातानं लिहायच्या आणि लोकांसमोर उजव्यानं. वसुंधराबाई ही उत्तरं कुठेही लिहून ठेवत नव्हत्या. फोन ठेवून त्या थोडा वेळ खिडकीशी बसत, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही येई, की शर्वरी त्या वेळेला खाली येणं टाळू लागली.

इकडे कॉलेजात शर्वरीनं चौदावी जागा यादीतून काढून टाकली. भराव घातलेली जमीन नियमात बसत नव्हती. राऊच्या पुढे पेरूच्या एका मळ्याच्या बांधाशी तिला दुसरी जागा मिळाली आणि जुलैत अर्पित भियांनी तिथे घण मारला. तिथली माती अगदी सरळ निघाली, वरच्या दहा सेंटिमीटरांत थोडं सीझियम आणि खाली काही नाही, जसं असायला हवं तसं.

ऑगस्टमधली एक दुपार. पाऊस नुकताच थांबला होता आणि अंगणातली फरशी ओली होती. चार वाजून गेले तरी खाली फोनवर बोलण्याचा आवाज आला नाही, म्हणून शर्वरी जिन्यात आली. फाटकाबाहेर एक रिक्षा उभी होती आणि विजयराव काठी टेकत आत येत होते. मागच्या दिवशी वसुंधराबाईंनी विचारलं होतं, आईसाहेब चालायच्या कशा? त्यावर ते फोनवर बरंच काही सांगत राहिले होते आणि शेवटी म्हणाले होते, हे बोलून नाही सांगता येत.

वसुंधराबाई दारात उभ्या राहिल्या. या, असं त्या म्हणाल्या नाहीत. विजयरावांनीही आत यायची घाई केली नाही. त्यांनी काठी तुळशीच्या कट्ट्याला टेकवली, चप्पल काढली, धोतराचा सोगा डाव्या हातात अलगद धरला आणि अंगणाच्या एका टोकाला जाऊन उभे राहिले. मग ते चालू लागले. गुडघे दुखत होते, ते दिसतही होतं. पण तीन-चार पावलांनंतर त्यांच्या चालीतून त्यांचं वय कुठेतरी गळून गेलं. मान थोडी डावीकडे कललेली, पाऊल आधी टेकून मग भार टाकायचा, जसं कोणी झोपलेल्या मुलाजवळून जातं. उजवा हात किंचित मागे राहत होता, जणू मागून येणाऱ्या कोणाला धरायला द्यावा तसा. ओल्या फरशीवर त्यांच्या पावलांचा आवाज होत नव्हता. शर्वरी जिन्यावर तशीच थांबली. तिला वाटलं, आपण जोरात श्वास घेतला तरी हे मोडेल.

विजयराव अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोचले आणि वळले. ते धापा टाकत होते.

वसुंधराबाई दोन पायऱ्या उतरून खाली आल्या होत्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा चाला."